साडेतीन टनांचं लटांबर

जुलै संपत आला आणि इंग्लंडातल्या शाळांना सुट्टी लागली, की एम-फाइव्ह हा मोटरवे डेव्हन-कॉर्नवॉलच्या दिशेनं तुंबायला लागतो. पुढं कॉर्नवॉलातल्या अरुंद रस्त्यांवर, दोन्ही बाजूंच्या उंच कुंपणांमधून, मोटारी नुसत्या सरपटत असतात. रांगेच्या तोंडाशी कोण आहे हे मागच्यांना दिसत नाही, पण सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. तिथं एक साधी मोटार असते. तिच्या मागं पांढऱ्या रंगाची, खिडक्या-पडदे असलेली, चाकांवरची एक खोली, म्हणजे कॅराव्हॅन, असते. मोटारीत पन्नाशी-साठीचं एक जोडपं असतं, फ्लास्कमधला चहा असतो आणि मागच्या दोन मैलांतले लोक आपल्याला काय काय म्हणताहेत याची दखलही न घेणारी प्रसन्नता असते.

कॅराव्हॅन उद्योगाच्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये अशी पाच लाखांवर ओढती घरं आहेत. त्यांना शिव्या घालणारे किती, याची मोजदाद कुणी केलेली नाही. गंमत अशी, की या शिव्या कायदा पाळणाऱ्याला बसतात. मोकळ्या मोटारीला मोटरवेवर ताशी ७० मैलांची मुभा आहे. मागं कॅराव्हॅन जोडली की ६०. दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ती मर्यादा ५० वर येते. मोटरवेला तीन किंवा जास्त लेन असतील, तर सर्वांत उजवीकडची लेन कॅराव्हॅनवाल्याला वर्ज्य. म्हणजे हा गृहस्थ सावकाश जातो तो त्याच्या स्वभावामुळे, असा जो समज आहे तो निम्माच खरा आहे.

जेरेमी क्लार्कसन या टीव्हीवाल्यानं तर कॅराव्हॅनद्वेष हा जोडधंदाच करून ठेवला होता. २००६ साली 'टॉप गिअर' या कार्यक्रमात तो आणि त्याचे दोन सहकारी कॅराव्हॅन घेऊन डॉर्सेटला सुट्टीवर गेले. क्लार्कसन चिप्स तळायला बसला आणि अख्खी कॅराव्हॅन जळून खाक झाली. प्रेक्षक खूश. त्याच वर्षी मार्गारेट बेकेट ब्रिटनच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या आणि त्यांची सुट्टी कुठं जायची? कॅराव्हॅनमध्ये. जगातल्या वाटाघाटी आटोपून आल्यावर नवऱ्याबरोबर घर मोटारीला जोडून निघणाऱ्या या बाईंचं वर्तमानपत्रांना फार अप्रूप वाटायचं. थट्टा करणाऱ्यांचं एक बरं असतं, त्यांना काही जोडावं-सोडावं लागत नाही.

या छंदाचा आद्यपुरुष म्हणजे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. आरमारात डॉक्टर होता, मुलांसाठी साहसकथा लिहायचा. १८८५ मध्ये त्यानं ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून 'वाँडरर' नावाची ऐसपैस गाडी करून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि बर्कशायरमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. बरोबर गाडीवान होता, कुत्रा होता, पोपट होता. आणखी एक नोकर होता, तो तीनचाकी सायकलवर पुढं जाऊन समोरून येणाऱ्यांना वर्दी द्यायचा, की मागून एक धूड येतंय, सांभाळा. सुरक्षित वाहतुकीचा एवढा सरळ उपाय पुढं कुणाला परवडला नाही. आजच्या सगळ्या नियमांनी मिळून त्या एका नोकराची जागा भरून काढायची आहे.

१९०७ मध्ये कॅराव्हॅन क्लब निघाला. पुढच्याच वर्षी केनेथ ग्रॅहमचं 'द विंड इन द विलोज' आलं; त्यातले टोडसाहेब हौसेनं घोड्याची कॅराव्हॅन काढतात, एक मोटार धूळ उडवत बाजूनं जाते, घोडा बिथरतो, कॅराव्हॅन खड्ड्यात. टोडसाहेब कॅराव्हॅनचं दुःख न करता रस्त्यातच बसून त्या मोटारीच्या प्रेमात पडतात. घर आणि मोटार एकमेकांना जोडायचं काम १९१९ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीनं मनावर घेतलं. आणि महायुद्धानंतर सॅम आल्पर या माणसानं 'स्प्राइट' नावाची स्वस्त कॅराव्हॅन काढून ती मध्यमवर्गाच्या दारात आणली. याच आल्परनं १९५८ मध्ये 'लिटल शेफ' ही रस्त्याकाठच्या खानावळींची साखळीही सुरू केली. आधी लोकांना चाकांवरचं स्वयंपाकघर विकायचं आणि नंतर वाटेत खानावळ उघडायची! वाटेत कोणी स्वतः रांधत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

आता कायदा. ब्रिटनमध्ये ज्यानं १ जानेवारी १९९७ च्या आधी मोटारीची परीक्षा दिली, त्याला सरकारनं मोटार आणि ट्रेलर मिळून ८,२५० किलोपर्यंतचं प्रकरण हाकायची मोकळीक दिली होती. आयुष्यात भाजीची हातगाडी ढकलली नसली तरी चालेल. ज्यानं १९९७ उजाडल्यावर परीक्षा दिली त्याच्या नशिबी मात्र ७५० किलोचा ट्रेलर. त्याहून मोठा हवा असेल तर दोन्हींचं मिळून वजन ३,५०० किलोच्या आत ठेवा, नाहीतर ट्रेलर ओढण्याची वेगळी परीक्षा द्या. एकतीस डिसेंबरला पास झालेला थोरला भाऊ वाकबगार आणि दोन जानेवारीला पास झालेला धाकटा नवशिका, असा तो न्याय होता.

चोवीस-पंचवीस वर्षं हे असं चाललं. मग २०२१ च्या शरदात ब्रिटनमध्ये ट्रकचालकांचा तुटवडा पडला. दुकानांची फडताळं रिकामी, पेट्रोल पंपांवर रांगा. ट्रकचालकांच्या परीक्षा वाढवायच्या तर परीक्षक हवेत आणि परीक्षक गुंतलेत ट्रेलरच्या परीक्षा घेण्यात. सरकारनं तोड काढली: ट्रेलरची परीक्षाच रद्द. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये साध्या मोटारीचा परवाना असलेला कुणीही ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढू शकतो. ट्रकचालक कमी पडले म्हणून कॅराव्हॅनवाले वाढवले. सरकारनं वर सल्लाही दिला, की परीक्षा नसली तरी प्रशिक्षण घेतलेलं बरं. सल्ला ऐच्छिक आहे, त्यामुळं त्याचं पुढं काय होत असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको.

परवान्यावर साडेतीन टन लिहिलं म्हणून मोटार ते ओढते असं नाही. मोटारीवर एक पाटी असते, तिच्यावर मोटारीची आणि तिच्या लटांबराची एकत्रित वजनमर्यादा असते. ती ओलांडली की गुन्हा. शिवाय जुनेजाणते एक ८५ टक्क्यांचं सूत्र सांगतात: भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन रिकाम्या मोटारीच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. हा कायदा नव्हे, क्लबांचा नवशिक्यांना सल्ला आहे. मोटार १,५०० किलोची असेल तर कॅराव्हॅन १,२७५ ची. त्यापुढं गेलात तर कोण कुणाला नेतंय याचा निकाल पहिल्या उतारावर लागतो.

कॅराव्हॅनच्या दारापाशीही वजनाची पाटी असते. तिच्यावरच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली, की आपलं म्हणून काय नेता येईल ते कळतं. ते बहुधा दीडशे किलोच्या आसपास निघतं. दीडशे ऐकायला बरे वाटतात. त्यातून पुढचा तंबू, घडीच्या खुर्च्या, सायकली आणि अंथरुणं वजा करा. आता स्लाउ किंवा मिल्टन कीन्सच्या एखाद्या मराठी घरानं कॅराव्हॅन भाड्यानं घेतली आहे असं धरा. कुकर दोन, कारण एक डाळ-भाताला आणि एक मटणाला. पोळपाट-लाटणं, कणकेचा डबा, तांदळाची पिशवी, गोडा मसाला, शेजारच्या तंबूतल्यांना द्यायला चिवडा. 'एवढंसं तर आहे' हे माप वजनकाट्यावर चालत नाही, आणि वजनकाट्यावर जावंच लागतं. सार्वजनिक काट्यावर भरलेली कॅराव्हॅन नेऊन पावती घेणं हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

आपल्याकडं ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काट्याचं महत्त्व निराळं सांगावं लागत नाही. त्याची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर दोनदा चढते, भरलेली आणि रिकामी, आणि काटामारी होते म्हणजे वजन कमी दाखवलं जातं, हे त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं दुखणं. असा काटा इंग्लंडातल्या कॅराव्हॅनवाल्यांना मिळाला तर ते त्याला हार घालतील.

एकूण वजन जमलं तरी ते आत कुठं ठेवलंय हा प्रश्न उरतो, आणि खरी मेख तिथं आहे. बैलगाडी भरणाऱ्याला हे उपजत कळतं. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढं जास्त झाला की सगळा भार मानेवर येऊन बैल दबतात. कॅराव्हॅनमध्ये जुवाच्या जागी मोटारीच्या मागं लावलेला, पन्नास मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी गोळा असतो आणि त्या गोळ्यावर कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार पडावा, असा दंडक आहे. १,२०० किलोच्या कॅराव्हॅनला साठ ते चौऱ्याऐंशी किलो. तो मोजायला खास काटा मिळतो. काहीजण न्हाणीघरातला वजनाचा काटा आणि लाकडाचा ठोकळा वापरतात. जड सामान चाकांच्या वर, जमिनीलगत. हलकं वरच्या फडताळांत. सायकली मागं टांगल्या, पाण्याची टाकी मागं भरली, की गाडी उलाळ.

बैलगाडी उलाळ झाली तर जागच्या जागी मान वर करते. कॅराव्हॅन मात्र ताशी साठ मैलांवर शेपटी हलवायला लागते. बाजूनं मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत बसला, उतार लागला, की ती आधी थोडी डावीकडं, मग थोडी उजवीकडं आणि मग दर खेपेला थोडी जास्त. मोटारीचा मागचा भाग ती आपल्याबरोबर फिरवू लागते. अशा वेळी माणसाला दोन गोष्टी सुचतात: करकचून ब्रेक लावावा किंवा वेग वाढवून तिला सरळ खेचावी. दोन्हींनी मोटार आडवी होते. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा, वेग आपोआप उतरू द्या, असं तिथलं हायवे कोड सांगतं. थोडक्यात, काही करू नका. हे वाचायला सोपं आहे.

शेपटी हलू नये म्हणून जोडाच्या डोक्यात घर्षणाच्या गाद्या असलेला स्टॅबिलायझर बसवतात; त्या गाद्या पोलादी गोळ्याला घट्ट धरतात. अट एकच, गोळ्यावर ग्रीस नको. साध्या जोडाला मात्र ग्रीस लावावंच लागतं. त्यामुळं 'अरे, जरा ग्रीस लाव की' असं सांगत येणारे वडीलधारे आणि 'नको, नको' म्हणत फडक्यानं गोळा पुसणारी पुढची पिढी हे दृश्य तिथल्या कॅराव्हॅन तळांवर दिसतं. दोघंही आपापल्या काळात बरोबर.

ब्रेकची व्यवस्था मात्र कौतुक करण्याजोगी आहे. ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ते चालकाच्या पायाखाली नसतात. मोटारीनं ब्रेक लावला की मागची कॅराव्हॅन आपल्या वजनानं पुढं रेटते, त्या रेट्यानं जोडाचा दांडा आत दबतो आणि तोच दांडा कॅराव्हॅनच्या चाकांचे ब्रेक ओढतो. ढकलणाऱ्यालाच स्वतःला थांबवायला लावणारं हे यंत्र अजून कुठल्या सरकारी खात्याला सुचलेलं नाही. शिवाय एक बारीक पोलादी दोर मोटारीला अडकवलेला असतो. जोड निसटलाच तर तो आधी कॅराव्हॅनचा ब्रेक खेचतो आणि मग तुटतो. हा दोर लावायला विसरणं म्हणजे उतारावर आपलं स्वयंपाकघर आपल्याला ओव्हरटेक करताना पाहण्याची सोय करणं होय.

बाकीचे नियम भराभर सांगता येतील. कॅराव्हॅनची रुंदी २.५५ मीटरच्या आत. तिच्या पाठीवर ओढणाऱ्या मोटारीचाच नंबर. मोटार चालत असताना कॅराव्हॅनमध्ये कुणी बसायचं नाही. मागं गाद्यांवर लोळत पत्ते कुटायचं मराठी स्वप्न कायद्यानं बाद आहे. मोटारीपेक्षा कॅराव्हॅन रुंद असेल तर दोन्ही बाजूंना जादा आरसे लावून मागं वीस मीटरवरची, बाजूला चार मीटर रुंदीची जागा दिसली पाहिजे. नाहीतर एक हजार पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन गुण. आणि इतकं सगळं असूनही मोटारीची दरवर्षी होणारी सक्तीची तपासणी कॅराव्हॅनला लागू नाही! दहा महिने अंगणात उभी राहून टायरांना भेगा पडलेली कॅराव्हॅन मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर थेट मोटरवेवर येऊ शकते. इंग्रजांच्या कायद्यात अशी एखादी खिडकी नेहमी उघडी असते.

निघण्यापूर्वी दिव्यांची तपासणी असते. तेरा पिनांची एक वायर मोटारीतून कॅराव्हॅनला जोडायची, एकानं आत बसून बटणं दाबायची, दुसऱ्यानं मागं उभं राहायचं.

"लागला का गं?"

"कुठला?"

"डावा!"

"माझा डावा की तुझा?"

"अगं, आपण दोघं एकाच दिशेला तोंड करून आहोत!"

"मी तुझ्याकडं बघतेय. म्हणजे ब्रेकचा लागलाय."

यॉर्कशायरमध्ये सटन बँक नावाचा घाट आहे. चारात एक असा चढ, वर आडवी वळणं. तिथं कॅराव्हॅनला सरळ बंदी आहे, आणि तसे फलक कितीतरी आधीपासून लावलेले आहेत. विजेच्या मोटारीवाल्यांची अडचण वेगळी. आधी मोटारीची ओढायची वजनमर्यादा बघायची, कारण बऱ्याच मोटारींना ओढायची परवानगीच नसते. असली तरी कॅराव्हॅन जोडल्यावर बॅटरी झपाट्यानं उतरते. आणि चार्जिंगच्या जागा एकट्या मोटारीच्या मापाच्या, त्यामुळं आधी घर सोडायचं, मग मोटार चार्ज करायची, मग घर परत जोडायचं.

तळावर पोचल्यावर खरा खेळ सुरू होतो. कॅराव्हॅन मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं: तिची शेपटी डावीकडं न्यायची तर चाक आधी उजवीकडं. आणि ती वळायला लागली की लगेच तिचा पाठलाग करायचा, नाहीतर मोटार आणि कॅराव्हॅन काटकोनात एकमेकींच्या अंगावर येतात. आजूबाजूचे लोक हातात कप घेऊन खुर्च्या त्या दिशेला वळवून बसतात. कुणी मदतीला उठत नाही, तो तिथल्या शिष्टाचाराचा भाग आहे. बायको मागं उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करते, नवऱ्याला त्या आरशात दिसत नाहीत, आणि दोघांनी सकाळपासून जपलेला सुट्टीचा मूड तिथं संपतो. आपल्याकडच्या ट्रकच्या क्लीनरनं हा प्रश्न कधीच सोडवला आहे. तो मागच्या फाळक्यावर हातानं थाप मारत 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे' म्हणतो आणि नेमक्या क्षणी दोन थापा देऊन 'बास!' म्हणतो. आवाज आरशात दिसावा लागत नाही. सांगली-कोल्हापूरकडचे ट्रॅक्टरवाले तर उसानं भरलेली ट्रॉली एका हातानं, मान मागं वळवून, बोळकांडात घालतात. इंग्लंडात मात्र या कलेला पर्याय म्हणून कॅराव्हॅनच्या चाकांना विजेची मोटार लावतात आणि रिमोटनं तिला जागेवर सरकवतात. मालक बाजूला उभा, घर आपोआप चाललंय. ज्यांना मागं घेणं जमत नाही त्यांनी हा पर्याय जरूर घ्यावा; लग्न टिकवण्याच्या खर्चात तो स्वस्त पडतो.

सकाळी तळावर आणखी एक मिरवणूक निघते. कॅराव्हॅनच्या संडासाखाली एक चाकं लावलेली पेटी असते, ती भरली की ओढत नेऊन ठरावीक जागी रिकामी करायची. अर्ध्या चड्डीतले निवृत्त बँक मॅनेजर ती पेटी ओढत एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणत, हवेबद्दल चार शब्द बोलत जातात. आपल्याकडं टमरेल घेऊन निघालेला माणूस निदान कुणाकडं बघत नसे.

महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडच्या कॅराव्हॅन मात्र बहुतेक एकसंध, म्हणजे बस किंवा व्हॅनच्या पोटातच घर केलेल्या. मोटारीमागं घर जोडून आंबेनळी घाट चढणारा मराठी पर्यटक अजून जन्माला यायचा आहे, आणि त्याची फारशी घाई नाही.

ओढण्याचं खरं काम आपल्याकडं ट्रॅक्टर करतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांत पंधरा-वीस टन ऊस, आणि त्या उसाचे वाढे बाजूंनी रस्त्यावर लोंबलेले. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरचा स्वतःचा नंबर हवा आणि ओढणाऱ्या वाहनाचाही नंबर मागं दिसला पाहिजे, असं आहे. प्रत्यक्षात शेवटच्या ट्रॉलीच्या पाठीवर 'आईचा आशीर्वाद' असतो, मालकाच्या मुलांची नावं असतात आणि नंबराची जागा चिखलानं भरलेली असते. इंग्रज आपल्या सुट्टीच्या खेळण्याच्या आरशात किती मीटर दिसलं पाहिजे ते ठरवतो. आपण पोटापाण्याचं वीस टनांचं ओझं रात्री दिव्याविना महामार्गावर आणतो आणि पुढं टेप मोठ्यानं लावतो. इथं विनोद संपतो. दरवर्षी गळिताच्या हंगामात उभ्या किंवा चालत्या ट्रॉलीवर मागून दुचाक्या आदळून माणसं जातात. त्यांना ट्रॉली दिसलेलीच नसते.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. ट्रॉली गव्हाणीत रिकामी झाली, की वजनाची पावती देण्याआधी कारखान्यानं तिचा मागचा दिवा लागतो का आणि रिफ्लेक्टर जागेवर आहे का, एवढं तपासावं. आणि नसेल, तर तिथंच लावून मगच ती फाटकाबाहेर सोडावी.